कुटुंबात कोणासही नाही

माझ्या छातीच्या दुखण्याची अण्णांनी रीतसर मिसल उघडली होती. मिसल म्हणजे फाईल. निजामाच्या वेळेपासून दफ्तरात हाच शब्द चालायचा आणि आमच्या घरातही तोच. अण्णा, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यात कारकून होते. एखादी गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय त्यांच्या लेखी ती घडलेलीच नसे. धाकट्या बहिणीला गोवर झाला तेव्हाही त्यांनी पुरळ कुठून कुठे सरकली याची नोंद ठेवली होती. आम्ही पाठीमागे हसायचो. समोर हसायची आमची काय बिशाद.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन तुकडे झाले होते. नारायणगुड्यातलं आमचं भाड्याचं घर आंध्र प्रदेशात राहिलं. अण्णांचं गाव नांदेडकडचं, ते मुंबई राज्यात गेलं. आईचं माहेर बिदरचं, ते म्हैसूर राज्यात. दफ्तरात नोकरांच्या याद्या लागल्या आणि जो जिथला त्याला तिथे पाठवायला सुरुवात झाली. अण्णांना हैदराबादेत बावीस वर्षं झाली होती, पण यादीत त्यांचं नाव मुंबई राज्यापुढे लागलं. महिन्याभरात औरंगाबादला हजर व्हायचं होतं. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, घडी घातली आणि आईला म्हणाले की पोती आणि सुतळी आणावी लागेल. यापलीकडे त्यावर घरात चर्चा झाली नाही.

अडचण माझी होती. श्रावणापासून मला पहाटे खोकला उठायचा. खोकता खोकता छाती आवळून यायची, आत घेतलेला श्वास बाहेर पडायला तयार नसायचा आणि गळ्यातून बारीक आवाज यायचा. मी उठून गुडघ्यांवर कोपर टेकून बसायची. उजाडलं, चहा पोटात गेला की हळूहळू सुटायचं. दहाला दवाखाना उघडायचा तोवर मी ठणठणीत असायची. डॉक्टर छातीला नळी लावायचे, लांब श्वास घे म्हणायचे, मी घ्यायची, आणि त्यांना काहीही ऐकू यायचं नाही. दोनतीनदा असं झाल्यावर मलाच वाटायला लागलं की मी ढोंग करते आहे.

मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला. उजव्या बाजूला एक पुसट डाग दिसला. थुंकी तीनदा तपासली, तिन्हीदा काही निघालं नाही. रक्तात एका जातीच्या पेशी वाढलेल्या होत्या, पण त्या जंतांनीही वाढतात म्हणे. तिथले डॉक्टर तरुण होते आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता. क्षय नाही असं ते छातीठोक सांगू शकत नव्हते. घरात दोन लहान मुली आहेत, पुढे प्रवास आहे, नवं गाव आहे. त्यापेक्षा हिला सहा महिने टेकडीवरच्या सॅनेटोरियममध्ये ठेवा, नजरेखाली राहील, असं त्यांनी सुचवलं. अण्णांनी अर्जाचा छापील नमुना मागून घेतला.

म्हणजे घरचे औरंगाबादला जाणार आणि मी इथे मागे राहणार, क्षयाच्या माणसांत. सॅनेटोरियममध्ये राहून आलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिची भांडी आयुष्यभर वेगळी राहायची आणि तिच्यासाठी कुणी स्थळ सुचवायचं नाही. हे मला पूर्ण कळत होतं. तरीही मला काही वाटलं नाही. मी रडले नाही, भांडले नाही, जेवणही टाकलं नाही. कानात कापूस घातल्यावर बाहेरचं बोलणं कसं लांबून येतं, तसं सगळं चाललं होतं. माझ्या कपड्यांची ट्रंक वेगळी भरली जात होती आणि मी स्वतःच घड्या घालून देत होते.

आईही काही बोलली नाही. पण तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा कुणी करतही नसे. आई अबोल म्हणूनच प्रसिद्ध होती. माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की आमची सून सात शब्दांच्या ठिकाणी दोन वापरते.

त्या अर्जावर दुसऱ्या एका डॉक्टरची सही लागायची. नुसत्या सहीसाठी अण्णा मला आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचा दवाखाना एका कापडदुकानाच्या वर होता, उंच उंच वीस पायऱ्या. त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि मला विचारायला लागले. उत्तरं अण्णा द्यायला लागले. कधीपासून, किती वेळ, कफाचा रंग कोणता, अण्णांनी पाढा वाचावा तसं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हात वर केला.

"साहब, जरा ठैरो. बच्ची को बोलने देव."

मला बोलायची सवय नव्हती. पण त्यांनी विचारलेले प्रश्न मला आतापर्यंत कुणी विचारले नव्हते. दम वर्षभर असतो की येतो-जातो. हसल्यावर येतो का. अंगावर कधी खाज, चट्टे. सकाळी शिंका किती. गादी झटकली की काय होतं. घर सोडून कुठे राहायला गेलीस तर कसं वाटतं. मी एकेक उत्तर देत गेले आणि ते मान हलवत गेले. मग नळी लावली. छाती साफ होती. त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि तो डाग बराच वेळ पाहिला. हे रक्तवाहिनीचं सावट वाटतं, म्हणाले, पण मी शपथेवर सांगणार नाही.

सही त्यांनी केली नाही. नाही म्हणूनही सांगितलं नाही. त्यांना दम्याचा संशय होता, पण दमा ओळखायला यंत्र नसतं, असं ते अण्णांना म्हणाले. तो एक्स-रेत दिसत नाही. एक तर दम लागलेला असताना छाती ऐकायला मिळावी लागते, नाहीतर रोग्याची हकीकत तरी पूर्ण मिळावी लागते. छाती पहाटे वाजते आणि दवाखाना दहाला उघडतो. तेव्हा हकीकत लिहून आणा, म्हणाले. दोन आठवडे रोज लिहा. आणि खानदानात कुणाला दमा, इसब, जुनाट सर्दी होती का तेही लिहा.

लिहा म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. यादी लागल्यापासून तो पहिल्यांदाच उजळला असावा. बावीस वर्षांची त्यांची उर्दू मोडीत निघाली होती, दफ्तरातल्या मिसली तीन राज्यांत वाटण्यासाठी कपाटांतून काढून ढिगात टाकल्या होत्या, आणि इथे कुणीतरी त्यांना व्यवस्थित एक मिसल तयार करून मागत होतं. त्यांनी रूळ घेऊन रकाने आखले. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, आदल्या दिवशी काय केलं, शेरा. पहाटे मला उठून बसावं लागलं की तेही उठायचे, कंदील जवळ घ्यायचे आणि घड्याळ बघून लिहायचे. पाठीवरून हात फिरवायचे नाहीत. मला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही परत निघालो तेव्हा आई म्हणाली, मीपण येते. हे नवल होतं. ती दवाखान्यात कधी येत नसे. औरंगाबादचं सामान बांधून झालं होतं, चार दिवस घरभर धूळ होती, थंडीही पडायला लागली होती. अण्णा म्हणाले, तुझं तिथे काय काम. तिनं पदर खांद्यावर घेतला आणि चपला घातल्या. मला वाटलं, सही होताना तिला समोर असायचं आहे. सॅनेटोरियममध्ये मला पोचवायला तीच जाणार होती.

वीस पायऱ्या आम्ही चढलो. आई सगळ्यांत मागे, कठड्याला धरून, एकेक पायरी. वर गेल्यावर ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी अण्णांची मिसल पहिल्या पानापासून वाचली. वाचता वाचता ते चश्मा सारखा करायचे आणि मध्येच वाहवा म्हणायचे, मुशायऱ्यात बसल्यासारखे. आमच्या अण्णांची अशी स्तुती त्यांच्या साहेबांनीही कधी केली नसेल. चौदा दिवसांत नऊ वेळा दम, नऊच्या नऊ वेळा पहाटे चार ते सहाच्या दरम्यान. गाद्या उसवून कापूस पिंजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त. धान्याची पोती हलवली तेव्हा दोन तास. मधले तीन दिवस मी मलकपेठला चुलतकाकांकडे होते, तिथे एकदाही नाही. ताप एकदाही नाही. वजन तेवढंच. डॉक्टरांनी त्या तीन दिवसांच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि अण्णांना म्हणाले की क्षय मलकपेठला जाऊन सुट्टी घेत नाही.

मग त्यांनी शेवटचा कागद उलटला आणि थांबले.

त्यावर अण्णांनी आमचं घराणं लिहिलं होतं. मुल्की सर्टिफिकेटसाठी, म्हणजे आम्ही याच राज्याचे रहिवासी आहोत हे सिद्ध करण्यासाठी, पूर्वी एक वंशावळ द्यावी लागे. अण्णांनी तीच उतरून काढली होती. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, आजोबांचे दोन भाऊ, स्वतः अण्णा, चुलतकाका. सात नावं, प्रत्येकापुढे वय आणि गेलेल्यांपुढे मृत्यूचं कारण. खाली एक ओळ: कुटुंबात कोणासही दमा, इसब अथवा जुनाट सर्दी नाही. आणि सही, तारखेसकट.

"ये तो सब मर्द हैं," डॉक्टर म्हणाले.

अण्णा म्हणाले, जी.

"बच्ची की माँ की तरफ?"

अण्णांना प्रश्नच समजला नाही. ते बनवाबनवी करत नव्हते, हे मी आजही सांगेन. बावीस वर्षांत त्यांना कुठल्याही अर्जानं बायकोच्या माहेराबद्दल विचारलं नव्हतं. ते दफ्तरात चुकीच्या टेबलावर आलेला कागद परत करावा तसे म्हणाले, "इनका मायका बीदर है, साहब. वो तो अब मैसूर में गया."

डॉक्टर हसले नाहीत. ते खुर्चीत वळले आणि आईला विचारलं की बहनजी, आपके यहाँ किसी को था?

मी आईकडे पाहिलं. नाही म्हणायला एक मान हलवली की पुरे होतं. सही झाली असती, ट्रंक तयार होती. आईनं उर्दूत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर दिलं.

"माझ्या वडलांना होता," ती म्हणाली. मग थांबली, खांदे किंचित वर गेले. "मला आहे."

एवढ्या चार-पाच शब्दांना तिला मध्ये थांबावं लागलं. ते डॉक्टरांनी बरोबर हेरलं. ते नळी घेऊन उठले. कधीपासून, तर आठवतं तेव्हापासून. अण्णा म्हणाले, मला कधी सांगितलं नाहीस. आवाज चढलेला नव्हता. मिसलीतला एक कागद गहाळ झाल्याचं लक्षात आल्यावर बोलावं तसं ते बोलले. आईनं त्यांच्याकडे न बघता सांगितलं की कुणी विचारलं नाही.

खरं कारण तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. लग्न होऊन ती घरात आली त्याच महिन्यात चुलतकाकांचं एक ठरत आलेलं स्थळ आजीनं मोडलं होतं. मुलीच्या आत्याला दमा आहे एवढंच कळलं होतं. आईनं ते स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि त्या दिवसापासून मूग गिळून राहिली. एकोणीस वर्षं तिनं ताकास तूर लागू दिली नाही. तीन मुलींना जन्म दिला त्या वेळीही नाही.

डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, दोन जागी ऐकलं आणि मला बोलावलं. नळीची दोन्ही टोकं माझ्या कानांत घातली. "सुन बेटी," म्हणाले.

मी माझ्या आईच्या पाठीशी उभी राहून ऐकलं. आत शेकडो बारीक शिट्ट्या वाजत होत्या, काही उंच, काही खालच्या, श्वास सोडताना जास्त. बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरावा तसा तो आवाज होता. वरून तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. ओठ जरासे मिटून ती हवा हळूहळू सोडत होती. असे ओठ मी जन्मापासून पाहत आले होते आणि मला ती तिच्या चेहऱ्याची ठेवण वाटत होती. ती जिना चढून आल्यापासून, आम्ही तिघं मिसल वाचत होतो तेवढा वेळ, दाराजवळच्या खुर्चीत तिला दम लागलेला होता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

डॉक्टर म्हणाले की बेटीच्या छातीत जे ऐकायला मिळत नव्हतं ते आईच्या छातीत मिळालं. आता एकच बघायचं राहिलं. त्यांनी कपाटातून एक छोटी कुपी काढली. ही सुई क्षयाला किंवा साध्या खोकल्याला काही करत नाही, पण दमा असेल तर दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. होतो की नाही ते बघणं हीच त्याची परीक्षा. त्यांनी आईच्या दंडात थोडं थोडं करत औषध सोडलं, एक हात तिच्या नाडीवर ठेवून. छाती धडधडेल, हात थरथरतील, घाबरू नका, असंही सांगितलं. आईनं मान हलवली.

त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी माझं काम उरकलं. सॅनेटोरियमच्या अर्जावर त्यांनी दुसरी सही केली नाही. त्याऐवजी वेगळ्या कागदावर लिहिलं की पहाटे येऊन जाणारा दम, धुळीनं वाढणारा, जागा बदलल्यावर थांबणारा, आईला व आजोबांना हाच विकार, सबब दमा. कुटुंबाबरोबर प्रवास करण्यास व राहण्यास हरकत नाही. मला गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी दम लागला की अर्धी घ्यायची आणि किती मिनिटांत उतरतो ते अण्णांनी लिहायचं. अर्ध्या तासात उतरला तर उरलीसुरली शंकाही मिटली. औरंगाबादच्या डॉक्टरला मिसल दाखवा, म्हणाले, अशी मिसल त्याला मिळणार नाही.

अण्णांनी कागद घेतला. मग आपला तो शेवटचा कागद काढला, खिशातलं पेन उघडलं, आणि सात नावांच्या खाली आठवी ओळ लिहायला घेतली. आईच्या वडिलांचं नाव त्यांना आठवत होतं. वय विचारावं लागलं.

आम्ही आईकडे पाहिलं तर तिचे हात मांडीवर थरथरत होते आणि खांदे खाली आले होते. मला तिचे खांदे इतके खाली कधी दिसले नव्हते. ओठ मिटलेले नव्हते. तिनं एक श्वास घेतला, तो सोडला, आणि लगेच दुसरा घेतला, घाईनं, कुणी काढून घेईल असं वाटून. मग तिसरा सावकाश. डॉक्टरांनी विचारलं, कैसा लगता. ती माझ्याकडे वळली आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, तिनं मला विचारलं:

"तुम्हा सगळ्यांना रोजच असा येतो का गं श्वास?"

मी हो म्हणाले. तिनं मान हलवली आणि परत श्वास घ्यायला लागली. अण्णांच्या हातात पेन तसंच उघडं होतं, आणि आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे होतो.